आईचे दात आणि नियम क्रमांक अकरा

सरकारने टाळेबंदी लावली तेव्हा मला त्यात पहिल्याच दिवशी बऱ्याच त्रुटी दिसल्या. सरकार म्हणत होतं, विनाकारण बाहेर पडू नका. म्हणजे कारण असेल तर पडा. आता कारणं काय, डोंबिवलीत माणशी चार सापडतात. इतकी ढिलाई मला मानवत नाही. मी आमच्या 'शुभंकर' सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सरकारचं परिपत्रक संध्याकाळी यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं सुधारून वाढवलेलं परिपत्रक नोटीस बोर्डावर लागलेलं असायचं, गोल शिक्क्यासह.

जुलै उजाडेपर्यंत माझे नियम चौदा झाले होते. सगळे सांगत बसत नाही, पण चार तरी माहीत हवेत. नियम तीन : पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, सबब सर्वसाधारण सभा बेमुदत तहकूब. नियम चार : पासष्ट वर्षांवरच्या मंडळींनी घराचा उंबरा ओलांडायचा नाही. नियम सात : बाहेरून आलेली कुठलीही वस्तू तळमजल्याच्या रॅकवर बहात्तर तास राहील. आणि नियम अकरा : महापालिकेची हद्द ओलांडून येणाऱ्या सभासदाला सामानासह चौदा दिवस सोसायटीच्या ऑफिसात राहावं लागेल. 'सामानासह' हा शब्द मी मागाहून घातला होता. कायद्याचं शिक्षण न घेता माणसाला असे शब्द सुचतात, याचं माझं मलाच कौतुक वाटायचं.

माणूस बाहेर पडला नाही की पैसे वाचतात असा माझा एक भाबडा समज होता. लोकलचा पास नाही, स्टेशनबाहेरचा वडापाव नाही, कुणाच्या लग्नाचा आहेर नाही. प्रत्यक्षात आमच्या घरात चार महिन्यांत पाव भाजण्याचं यंत्र, पोटाचे व्यायाम करायचं चाक आणि केक सजवायच्या बावीस नळ्या आल्या. यातल्या चाकाला अजून कुणी हात लावलेला नाही. सोसायटीनेही मागे राहायचं नाही असं ठरवलं. पायाने दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड, निळ्या उजेडाचा जंतुनाशक डबा आणि ताप मोजायची बंदूक, ही खरेदी माझ्याच सहीने झाली. डबा पहिल्या आठवड्यात कुणीतरी आत दुधाच्या पिशव्या फोडून बंद पाडला. बंदूक मात्र चालू आहे. ती कुणाच्याही कपाळावर धरली की एक्याण्णव दाखवते. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर आमची अख्खी सोसायटी एप्रिलमध्येच निवर्तली होती.

या सगळ्या शिस्तीत एक गोष्ट बाहेर राहून गेली होती. माझ्या आईचे दात.

आईची कवळी सैल झाली म्हणून मार्चच्या अठरा तारखेला मी ती ठाण्याला, नौपाड्यातल्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दिली. शनिवारी मिळेल, असं ते म्हणाले होते. तो शनिवार काही उजाडला नाही. डॉक्टर स्वतः सत्तरीचे, त्यामुळे ते घरात. दवाखान्याची किल्ली त्यांच्या दिपेश नावाच्या मदतनिसाकडे, आणि तो फोनवर दर आठवड्याला आपुलकीने सांगायचा की काका, दात एकदम सुखरूप आहेत, कपाटात वाटीत ठेवलेत.

आईने चार महिने मऊ भात, पेज आणि कुस्करलेल्या पोळीवर काढले. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिला दुःख होतं ते दिसण्याचं. ती कुणाशी बोलायची तर तोंडावर पदर धरून. खडवलीच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला की फोन छताकडे वळवायची. मावशीला चार महिने आमचा पंखा तेवढा दिसला. आणि त्यातच गुरुजींनी फोनवरून आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस काढून दिला, जुलैची सतरा तारीख, शुक्रवार. घरच्या घरी विधी करायचा, ऐंशी दिव्यांनी ओवाळायचं आणि नातेवाइकांनी आपापल्या घरातून फोनवर बघायचं. आई म्हणाली, हरकत नाही, पण दातांशिवाय मी पाटावर बसणार नाही. हजार चंद्र बघितलेल्या बाईला एकदा तरी नीट हसता आलं पाहिजे, असंही म्हणाली. मला ते मनापासून पटलं. आई हसताना खरोखर फार छान दिसते.

हाताशी आठ-दहा दिवस होते. आधी मी कुरियरवाल्यांना विचारलं. वस्तूचं स्वरूप काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मानवी अवयव आम्ही घेत नाही, असं उत्तर आलं. मग मी पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रवासाच्या पासासाठी अर्ज केला. ठाण्याला जायला पास लागतो की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण हातात कागद नसला की मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं. कारणाच्या यादीत तीनच पर्याय होते : वैद्यकीय, अंत्यविधी आणि अडकून पडलेली व्यक्ती. वैद्यकीयसाठी ॲडमिट झाल्याचा कागद मागत होते. अंत्यविधीला कुणी तयार नव्हतं. राहता राहिलं अडकून पडणं. दात अडकून पडलेच होते, त्यात खोटं काही नव्हतं. मी कवळीचा जुना फोटो जोडून अर्ज पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला. अडकलेल्या व्यक्तीचा चेहरा स्पष्ट दिसत नाही आणि आधार कार्ड जोडलेलं नाही, असे दोन आक्षेप होते.

एव्हाना बिल्डिंगमध्ये बातमी फुटली होती. सल्ले सुरू झाले. चौथ्या मजल्यावरून सांगण्यात आलं की ऑनलाइन मागवा, सगळं मिळतं. कुणीतरी शेंगदाण्याचं कूट खाऊन हिरड्या घट्ट करायला सांगितलं. माझी बायको संचिता म्हणाली, आईंना मास्क लावूनच बसवू, दातांचा प्रश्नच मिटतो. या सूचनेवर आईने जो चेहरा केला तो पदराच्या वरूनही दिसला.

कामाचा सल्ला दिला तो काळुरामशेठनी. आमची बिल्डिंग ज्या जागेवर आहे तिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं. बदल्यात मिळालेल्या तळमजल्याच्या दोन फ्लॅटमध्ये ते राहतात आणि उरलेल्या इमारतीकडे अजून शेताकडे बघावं तसं बघतात. ते खिडकीतूनच म्हणाले, "सेक्रेटरी, कशाला कागद फाडतंस? माजे भाच्याचा दुधाचा टेंपो हाय. पहाटे ठाण्याला जातो, नऊला परत. त्याला कोन नाय अडवत."

टेंपोच्या काचेवर 'अत्यावश्यक सेवा' लिहिलं होतं. ते वाचून माझ्या मनाची घालमेल थांबली. मी बेकायदा काही करत नव्हतो, मी फक्त अत्यावश्यक होणार होतो.

दहा तारखेला, शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी खाली उतरलो. गेटवर आमचा वॉचमन उत्तम बसला होता. हा उत्तम मी घडवलेला माणूस. मार्चपूर्वी तो गेटवर चोरांनासुद्धा सलाम करायचा. मी त्याला वही ठेवायला शिकवलं, बंदूक धरायला शिकवलं, समोर साक्षात सेक्रेटरी असला तरी नोंदीशिवाय सोडायचं नाही हे शिकवलं. त्याने वही पुढे केली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक मी इथे केली. नुसतं 'दूध' लिहून मला जाता आलं असतं. काहीच लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण मोकळा रकाना मला बघवत नाही. मी 'कुठे' खाली सुवाच्य अक्षरात 'ठाणे' लिहिलं, कारणाखाली 'वैयक्तिक काम' लिहिलं, वेळ घातली, आणि नोंद तपासली म्हणून सेक्रेटरीची आद्याक्षरंही करून टाकली.

भाचा प्रितम वीस-बावीसचा, गाडी चालवताना एकसारखा बोलणारा. दुधाच्या क्रेटमध्ये पाय दुमडून मी शिळफाट्यापर्यंत गेलो. तिथे नाकाबंदी होती आणि हवालदाराने नेमका आमचाच टेंपो थांबवला. दूध त्याला मान्य होतं, मी नव्हतो. कुठे चाललात, असं विचारलं. मी म्हटलं, आईचे दात आणायला.

"आई कुठंय?"

"डोंबिवलीला."

"आणि दात?"

"ठाण्याला."

 मास्क नीट करत हवालदार म्हणाला, "काका, चार महिने इथं उभा आहे. कोण सासऱ्याला मारतंय, कोण बायकोला बाळंत करतंय, एका माणसाच्या तर तीन आज्या गेल्या. पण हे असलं कुणाला सुचलं नव्हतं. जावा." मी सांगतोय ते खरं आहे, असं मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, तेच तर. सत्य बोलून कौतुक वाट्याला आलं की किती अपमान वाटतो, ते मला त्या दिवशी कळलं.

नौपाड्यात दिपेशने दवाखान्याचं शटर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि खालून एक स्टीलचा डबा सरकवला. मी झाकण काढून बघितलं. आईचे दात. इतक्या महिन्यांनी घरचं माणूस भेटावं तसं मला वाटलं, हे मी कबूल करतो. डबा पोटाशी धरून मी परत क्रेटमध्ये बसलो.

साडेनऊला गेटवर उत्तमने बंदूक लावली. एक्याण्णव. मी आत पाऊल टाकणार तोच त्याने वही उघडली, सकाळच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाला, "साहेब, अकरा नंबर."

मी त्याला परिस्थिती समजावली. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच सही केली आहे. मी हसून पुढे जायला लागलो तर तो गेटच्या मधोमध उभा राहिला.  वरच्या सगळ्या गॅलऱ्या एव्हाना भरल्या होत्या. एरवी नियम मोडणाऱ्याला खाली बघायला लावणारा मी, त्या दिवशी स्वतःच्या चपलांकडे बघत पार्किंगमधल्या ऑफिसात शिरलो. उत्तमने बाहेरून कडी घातली. सामानासह.

निदान डबा तरी वर पाठवा, अशी विनंती मी जाळीच्या खिडकीतून केली. आत काय, असं विचारलं गेलं. दात म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरच्या निशिगंधाबाई खाली आल्या. या आमच्या सहसेक्रेटरी, शाळेत गणित शिकवतात. त्या मला शांतपणे म्हणाल्या की नियमात 'सामानासह' असं स्पष्ट आहे, आणि तो शब्द मसुद्यात नव्हता, तुम्ही मागाहून घातलात, मला आठवतंय. मला दुसरंही काही आठवलं. एप्रिलमध्ये त्यांची ठाण्याची बहीण ऋतिका डिंकाचे लाडू घेऊन आली होती. तिला मी गेटवरून परत पाठवलं आणि लाडू नियम सातखाली रॅकवर ठेवले. बहात्तर तासांनी डब्यात फक्त मुंग्या होत्या. निशिगंधाबाई लाडवांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, त्यामुळे मला फारच बोलल्यासारखं वाटलं.

मग कमिटीची ऑनलाइन तातडीची सभा झाली. विषय एकच : आईच्या दातांना नियम अकरामधून सूट द्यावी काय. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा कुणीतरी आठवण करून दिली की स्वतःच्या प्रकरणात सभासदाने मत देऊ नये, हा नियम नऊ. माझाच. मग चर्चा रंगली. दात ही वस्तू आहे की व्यक्तीचा भाग, हा मुद्दा निघाला. वस्तू असेल तर बहात्तर तासांत सुटका, व्यक्तीचा भाग असेल तर चौदा दिवस. काळुरामशेठनी विचारलं की दातांना ताप येतो का, बंदूक लावून बघा. शेवटी तीन विरुद्ध दोन अशी सूट मिळण्याच्या बेतात असताना फुकटच्या मीटिंगची चाळीस मिनिटं संपली आणि सगळ्यांचे चेहरे गेले. पुन्हा जोडणी केली तेव्हा दोन सभासद जेवायला बसले होते. ठराव बारगळला.

त्यानंतरचे सहा दिवस मी सोसायटीच्या ऑफिसात जुन्या इतिवृत्तांच्या गठ्ठ्यांवर उशी टाकून काढले. एक गोष्ट मान्य करतो, जेवणाची आबाळ झाली नाही. सकाळी कुणाची थालीपीठं यायची, दुपारी संचिताचा डबा, संध्याकाळी काळुरामशेठकडून जवळ्यासारख्या बारीक सुक्या कोलिमाची चटणी आणि तांदळाची भाकरी. येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडकीसमोर दोन मीटरवर थांबून विचारपूस करायचा आणि मनसोक्त टोमणे मारून जायचा. मी आत घुसमटत होतो ते वेगळ्याच कारणाने. टेबलावर डबा होता, तीन मजले वर आई होती, आणि सतरा तारीख जवळ येत होती. आईला मी फोन केला की ती म्हणायची, असू दे रे. मग मला जास्तच अपराधी वाटायचं. या जगात मी माझ्या आईचं तोंड बंद करणारा माणूस ठरलो होतो, आणि तेही शिक्का मारून.

सतरा तारखेला सकाळी दहाला लिफ्टचं दार वाजलं. मी खिडकीशी गेलो. पैठणी नेसलेली आई लिफ्टमधून बाहेर येत होती. नियम चार लिहिल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. मागून संचिता पाट आणि दिव्यांचं ताट घेऊन, आणि तिच्या मागे निशिगंधाबाई फोनवर गुरुजींना धरून. बिल्डिंगमधले लोक पाच-पाचच्या घोळक्यांनी पार्किंगच्या खांबांआड उभे राहिले, म्हणजे नियम तीनही पाळला गेला. उत्तम उठून उभा राहिला. त्याने आईकडे बघितलं, मग बोर्डाकडे बघितलं, आणि मग पाठ फिरवून रस्त्यावरची रहदारी मोजायला लागला. मी घडवलेल्या माणसात एवढी अक्कल कुठून आली, मला माहीत नाही.

आईने पाट बरोबर माझ्या खिडकीसमोर, दोन मीटरवर मांडायला लावला. मी जाळीतून हळूच म्हटलं, आई, दात नाहीत तुला, सगळे बघतायत. तिने तोंडावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा पूर्ण चेहरा बघत होतो. गाल आत गेले होते आणि ती फार म्हातारी दिसत होती.

"दातांसाठी मुलगा कोंडून घालावा," ती म्हणाली, "एवढी देखणी मी कधीच नव्हते."

आणि ती हसली. पुढे एकही दात नसलेलं, हिरड्यांपर्यंतचं हसू. फोनमधून खडवलीची मावशीही हसली. तिला चार महिन्यांनी पंख्याऐवजी बहीण दिसली होती. संचिताने ऐंशी दिवे ओवाळले. गुरुजी मंत्र म्हणत होते, मध्येच त्यांचा आवाज तुटत होता. मी जाळीतून अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या उत्तमच्या टोपीवर पडल्या. मला रडू येत होतं, आणि सेक्रेटरीने रडायचं की नाही याबद्दल नियमांत काही तरतूद नव्हती, म्हणून मी रडलो.

चोवीस तारखेला माझी सुटका झाली. वर जाऊन मी आंघोळ केली, डबा उकळत्या पाण्यातून काढला आणि दात आईच्या हातात दिले. तिने ते लावले. ते बसेनात. वर बसले तर खाली हलायचे, खाली बसले तर वर टोचायचे. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं. ते म्हणाले की चार महिने मोकळ्या राहिल्यावर हिरड्या बदलणारच, आता तोंडाचं माप घेऊन दुरुस्ती करावी लागेल, पेशंटला आणा. कुठे, असं मी विचारलं. अर्थात ठाण्याला.

मी डोकं धरून बसलो. नियम अकरा रद्द करायचा तर सर्वसाधारण सभा हवी, आणि नियम तीनमुळे सर्वसाधारण सभा भरू शकत नाही. असा भक्कम बंदोबस्त मी स्वतः केला होता. आई मात्र एकदम खुशीत दिसली. ज्येष्ठांना डॉक्टरांकडे जायला सरकारची परवानगी आहे, हे तिने पेपरात वाचलं होतं. म्हणाली, तू नको येऊस, तुझी नोकरी आहे, मी प्रितमबरोबर जाईन. आणि खरोखरच सोमवारी पहाटे दुधाच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी, मास्क आणि वर टोपी घालून आई ठाण्याला गेली. शिळफाट्याला तिने हवालदाराला सांगितलं म्हणे, की मीच ती डोंबिवलीची आई. त्याने सलाम ठोकला.

नऊला ती परत आली. डॉक्टरांनी फक्त तिच्यासाठी दवाखाना उघडून माप घेतलं होतं आणि तोंडात दात घट्ट बसले होते. मी गेटवर उभा होतो, पण ती माझ्याकडे न बघता, कुणी सांगायच्या आत सरळ ऑफिसात गेली आणि आतून ओरडली, उत्तम, कडी घाल बाबा. बरोबर तिने कपड्यांची बॅग, पत्त्यांचा जोड आणि अडकित्ता आणला होता. सामानासह. मी काकुळतीला येऊन म्हटलं की तू ऐंशी वर्षांची, तुला सूट मिळेल, मी निशिगंधाबाईंशी बोलतो. ती म्हणाली, नियम म्हणजे नियम.

मग मी रोज ऑफिसला जाता-येता, म्हणजे आता काम घरूनच असल्यामुळे कचरा टाकायला जाता-येता, बघत होतो. खिडकीबाहेर सदैव दोन मीटरवर कुणीतरी असायचं. काळुरामशेठ तिला त्यांच्या भातशेतात विहीर कुठे होती ते दाखवायचे. निशिगंधाबाई जाळीच्या या बाजूने आणि आई त्या बाजूने अशा दोघी पत्ते खेळायच्या. चौथ्या मजल्यावरून चकल्या आल्या, आणि आई त्या कडाकड चावायची, तो आवाज वरच्या गॅलरीपर्यंत यायचा. चार महिने मी जिला जपून घरात ठेवलं होतं, हात धू, खिडकी लाव, गॅलरीत उभी राहू नकोस असं सांगत, ती माणसांसाठी इतकी भुकेली होती हे मला माझ्या चौदा नियमांत कुठेच दिसलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी मी कडी काढायला गेलो. आईने दार आतून धरलं आणि जाळीतून एक कागद बाहेर दिला. सहसेक्रेटरींना उद्देशून अर्ज होता, खाली तिची सही, आणि निशिगंधाबाईंचा 'मंजूर' असा शेरा आधीच पडलेला. विलगीकरणाची मुदत आणखी एक आठवडा वाढवून मिळावी, अशी विनंती होती. मी कारण वाचलं. तो रकाना तिने मोकळा सोडला नव्हता. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : वैयक्तिक काम.